ओल्या बाह्या

मला गावात मुर्दाशोय म्हणतात. मयताला आंघोळ घालणारा. आमच्याकडे ही शिवी आहे. गाढव रस्त्यात अडून बसलं तरी लोक ओरडतात, "मुर्दाशोय घेऊन जावो तुला!" आणि मी तिथेच दहा पावलांवर कापूस पिंजत बसलेला असतो. म्हणा, बाबांनो, म्हणा. शेवटी माझ्याच हाताखाली यायचंय तुम्हाला, तेव्हा बोलून दाखवा.

नाव माझं तोर्दीकुल. पोटाचा धंदा पिंजाऱ्याचा. काराताशच्या मशिदीला लागून माझी खोली आहे, तिथे लग्नाच्या रजया भरतो. मयताचं काम बापाकडून आलं, त्याचं मी काही घेत नाही. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांत एखादं म्हातारं माणूस असायचं. मग डोंगरावर तालिबान आले, समोरच्या टेकडीवर सरकारची चौकी आली, आणि आता रजया तशाच पडून राहतात. आठ वर्षं चाललंय. आज संपेल, उद्या संपेल म्हणता म्हणता माझी दाढी पांढरी झाली.

त्या बुधवारी सकाळी रेडिओवाला सांगत होता, "काराताशच्या चौकीवरचा हल्ला उधळून लावला. चार जवान शहीद, तीस शत्रू ठार." तीस! अरे, त्या टेकडीवर तीस शेळ्या उभ्या राहायला जागा नाही! मी रेडिओचं बटण असं पिरगाळलं की ते हातातच आलं.

हल्ला झाला होता सोमवारी पहाटे. चौकीत सातजण होते, सगळे आमच्याच गावचे, सरकारी पगारावरचे गावरक्षक. तिघे ओढ्याओढ्याने पळून आले, चौघे वरच राहिले. त्यांचा कुमांदान, म्हणजे म्होरक्या, हायित. तो तेव्हा तालुक्याच्या गावी होता. त्याने तिथूनच निरोप धाडला, "वाटेत सुरुंग पेरलेत, गावातून कुणी वर जायचं नाही, मी येतोय." यायला त्याला बुधवार उजाडला. दोन दिवस आख्खं गाव माना वर करून टेकडीकडे बघत होतं. सोमवारी धूर दिसत होता. मंगळवारी धूरही दिसेना. माझं कामात लक्ष लागेना. पिंजण उचलायचं, दोन टोले मारायचे, खाली ठेवायचं, दारात जाऊन वर बघायचं. सानम, माझी बायको, शेवटी म्हणाली, "बसा हो एका जागी. तुमच्या येरझाऱ्यांनी मला भोवळ येते."

बुधवारी चौघांना घेऊन पिकअप यायच्या आधी अनारगुल माझ्या खोलीच्या दारात आली. तिचं घर मशिदीच्या समोरच, मला ती अका म्हणते, थोरला भाऊ. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, दोन मुलगे, थोरला बेकमुराद चौकीत होता. राहिलेल्या चौघांतला एक. काखेत तिने एक जुनी उशी आणली होती, पिंजायला आल्यासारखं दाखवायला.

"तोर्दीकुल अका, गाडी ओढ्यापाशी आली म्हणतात."

"येऊ दे. तू घरी जा, बायकांत बस."

"सोमवारी दुपारी माझा फोन वाजला. बेकमुरादचा नंबर होता. कुणी बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग तुटला."

मी म्हटलं, "त्या लोकांनी फोन काढून घेतला असेल त्याचा. छळायला करतात असं."

"हायितपण हेच म्हणाला. दोघांनी मिळून ठरवलंत का रे?"

तिने उशी खाली ठेवली आणि माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "आज बाह्या दुमडू नकोस."

"काय?"

"आंघोळ घालताना तू बाह्या कोपराच्या वर दुमडतोस. आज नको दुमडूस. मी छतावर उभी राहीन. तू पडद्याबाहेर आलास की तुझ्या बाह्या बघेन. मला दुसरं काही सांगू नकोस. कुणासमोर तोंड उघडू नकोस. फक्त बाह्या."

मला समजलं. आमच्यात लहान पोरालाही समजलं असतं. लढाईत जो जागच्या जागी पडला, त्या शहिदाला आंघोळ घालत नाहीत. त्याला रक्ताच्या कपड्यांनिशीच मातीत ठेवायचं, तेच रक्त त्याची साक्ष. पण घाव लागल्यावर जो जगला, घोटभर पाणी प्यायला, ज्याने घासभर खाल्लं, जखम बांधली, जो एका नमाजाची वेळ शुद्धीवर राहिला, त्याला मात्र कुठल्याही मयतासारखी आंघोळ घालायची. म्हणजे माझ्या बाह्या कोरड्या राहिल्या तर बेकमुराद सोमवारी पहाटेच गेला. ओल्या झाल्या तर तो फोनवरचा श्वास त्याचाच होता.

"कशाला हवंय तुला?" मी जरा चिडूनच बोललो. "पटकन गेला म्हण आणि मोकळी हो. जे झालं ते झालं."

"एक झालं, अका. दुसरं व्हायचंय." तिचा आवाज चढला. "हायितने माझ्या धाकट्याला, एलमुरादला, निरोप दिलाय. आज जनाजाची नमाज झाली की भावाची बंदूक हातात घे म्हणून. आणि तो तयार बसलाय! म्हणतो, भाऊ पाच मिनिटांत लढता लढता गेला, सगळे असे जातात, घाबरायचं काय त्यात? तसाच गेला असेल तर मी त्याला कुठल्या तोंडाने अडवू? पण माझं पोर वर तडफडत पडलं होतं आणि हायित खाली चहा पीत बसला होता, असं असेल, तर दुसरा मी त्याच्या हाताखाली देणार नाही. बंदूक हातात पडायच्या आधी मला कळायला हवं. नंतर कळून काय चाटायचंय?"

बंदुकीची ही रीत चौकी आल्यापासूनची. थोरला गेला की जनाजा उचलण्याआधी सगळ्या गावासमोर त्याची बंदूक धाकट्याच्या हातात देतात. एकदा घेतली की घेतली. चारचौघांत घेतलेली बंदूक परत करणाऱ्याच्या घरात कोण मुलगी देणार?

"बघू," मी म्हटलं.

"बघू नको. सांग."

"बाह्या दुमडणार नाही. झालं समाधान? जा आता."

ती गेली. तिला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी गावातल्याच गुलमतचा थोरला मुलगा चौकीवरून असाच मयत होऊन आला होता. त्याने तालुक्याच्या दवाखान्यात चहा मागून घेतला होता, मला तिथल्या माणसाने सांगितलं होतं. हायित म्हणाला, "आंघोळ नको. घरच्यांना पुरा मान मिळू दे." मी मान डोलावली. धाकट्याने छाती काढून बंदूक घेतली. सात महिन्यांनी तो धाकटा माझ्यासमोर फळीवर होता. गुलमत अजून ईदला माझ्याकडे मिठाई पाठवतो. मी ती खात नाही, कोंबड्यांना घालतो.

पिकअप दहाच्या सुमाराला आली. मशिदीच्या अंगणात मी दोरी बांधून चार रजया टांगल्या होत्या, लग्नाच्याच, लाल फुलांच्या, दुसरं होतं काय माझ्याकडे? आत फळी ठेवली, चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं. थंडी अशी की अंगणातल्या पाण्याच्या पाटाच्या कडेला बर्फ धरला होता. चौघांना आत आणून ठेवलं आणि माणसं बाहेर गेली.

पहिल्या तिघांना बघायला वेळ लागला नाही. ते पहाटेच गेले होते, एकाच्या अंगावर झोपायचाच सदरा होता. मी त्यांचे बूट, पट्टे उतरवले, रक्ताच्या कपड्यांवरूनच कफन घातलं, डोळ्यांवर हात फिरवला.

मग बेकमुराद. तो धान्याच्या खळग्यात सापडला म्हणत होते, चौकीच्या मागे. बंदूक उराशी होती म्हणून ती त्या लोकांना मिळाली नाही. मी अंगावरची मोठी चादर बाजूला केली आणि तसाच उकिडवा बसलो.

डाव्या मांडीला त्याने स्वतःचा पटका फाडून बांधला होता. एकदा नाही. एक पट्टी रक्ताने भिजून वाळली होती, तिच्यावर दुसरी होती, तिच्यावर तिसरी. तिसरीची गाठ ढिली होती, बोटांत जोर राहिला नसावा. उजव्या मुठीत सुकवलेल्या खरबुजाची वेणी होती. आमच्या बायका खरबुजाच्या पट्ट्या उन्हात वाळवून वेण्या घालतात, आणि अनारगुलची वेणी मी कुठेही ओळखीन, चारपदरी घालते ती, बाकीच्या तीन. अर्धी खाल्लेली होती. दातांत तुकडा तसाच. कपाळाला आणि दोन्ही हातांना कोरडी माती लावलेली होती. पाणी नव्हतं म्हणून नमाजाआधी हात-तोंड धुवायची वजू मातीने करून पोराने पडल्या पडल्या नमाज पढली होती. कितीदा, अल्ला जाणे!

"अरे बेकमुराद," मी म्हटलं, "अरे लेकरा!" आणि मला रडू फुटलं. तीस वर्षांत मयतासमोर रडलो नव्हतो.

रजई बाजूला सारून हायित आत आला. धिप्पाड माणूस, खांद्यावर लोकरीचा पट्टू, हातात जपाची तस्बीह. मागे त्याचा माणूस.

"चुलीवर पाणी कशाला?" त्याने विचारलं.

"याला आंघोळ घालायची आहे."

"चारही शहीद आहेत. शहिदाला आंघोळ नसते. हे मी सांगायचं का तुला?"

"तिघांना नाही. हा जगला होता, हायित. हे बघ. तीन पट्ट्या. हे बघ, खाल्लंय त्याने."

त्याने बघितलं नाही. म्हणजे त्याने आधीच बघितलं होतं. खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "तोर्दीकुल, तू वेडा आहेस का? त्याच्या आईला काय सांगायचं, कसा मेला? पटकन गेला म्हटलं तर ती जगेल. तुला तिला मारायचंय का?"

आणि खरं सांगतो, एक क्षण मला ते पटलं. माझीही सकाळची भाषा तीच होती ना? पण मग तो पुढे म्हणाला, "आणि चौकीला माणसं लागतात. आज एक हात मागे गेला की उद्या सगळे जातील. मग हे गाव कोण राखणार, तुझं पिंजण?"

"तू राखलंस की," मी म्हटलं. "तालुक्याहून."

त्याने त्याच्या माणसाला खूण केली. त्या माणसाने बुटाने पातेलं उलटं केलं. वाफ उठली, पाणी मातीत गेलं, चूल फसकन विझली.

"कफन घाल आणि बाहेर ये," हायित म्हणाला, आणि बाहेर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "दामुल्ला! चारही शहीद. आंघोळ नाही. बरोबर?"

दामुल्ला उबैद आमच्या मशिदीचे इमाम. ऐंशीचे असतील. गावातली निम्मी माणसं त्यांच्याकडे कुराण शिकली, हायितही. मी रजईच्या फटीतून बघत होतो. दामुल्ला पाटाच्या कडेला वजूला बसले होते. घसा साफ करून म्हणाले, "मला आताशा नीट दिसत नाही बाबा. आत जो आहे त्याला दिसत असेल."

घाबरट म्हातारा, मी मनात म्हटलं. हात झटकून मोकळा झाला!

मी बेकमुरादजवळ बसलो. पाणी नाही. दुसरं आणायला बाहेर जावं तर हायितचा माणूस रजईपाशी आडवा. कोरडाच कफनात घालू? असा विचार करतोय तोच माझ्या पायाला काहीतरी गरम लागलं. रजईच्या खालून एक झारी आत सरकत होती. तांब्याची, तोटी वाकलेली. दामुल्लांचीच, सुनेने वजूसाठी गरम पाणी भरून दिलेली. मला त्यांचा फक्त हात दिसला, सुरकुतलेला. थोड्या वेळाने दुसरी झारी आली, प्लास्टिकची निळी, ती गुलमतची. हो, गुलमतची. मग आणखी एक, तिचा हात मला ओळखता आला नाही.

मी बाह्या दुमडल्या नाहीत.

पट्ट्या सोडल्या. दातांतला खरबुजाचा तुकडा काढला. कपाळावरची माती पुसताना हात अडला, मग तीही धुतली. तीन झाऱ्यांत एक आख्खा माणूस धुवायचा म्हणजे पाणी हातानेच पसरवावं लागतं, म्हणून दंडापर्यंत भिजलो. थंडीत ते पाणी लगेच गार झालं. कफन घातलं, खरबुजाची वेणी कफनाच्या आत ठेवली, आणि मी रजई बाजूला करून बाहेर आलो.

अंगणात दीडशे माणसं उभी होती. सगळी माझ्याकडे बघत होती आणि मग सगळी दुसरीकडे बघायला लागली. माझ्या दोन्ही बाह्यांतून पाणी टपटपत होतं. मी मुद्दाम हात जरा अंगापासून लांब धरले. वर बघितलं नाही. वर बघायची हिंमत नव्हती.

हायितने दात खाल्ले, पण तेवढ्या लोकांत काय करणार? दामुल्ला पुढे झाले, जनाजाची नमाज झाली. मग हायितने बेकमुरादची बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरली आणि म्हणाला, "एलमुराद, ये. तुझा भाऊ सिंहासारखा—"

"एलमुराद! हात मागे घे!"

छतावरून. आमच्याकडे बाई जनाजाच्या वेळी एवढ्या पुरुषांत आवाज काढत नाही. अनारगुल कठड्यापाशी उभी होती, ओढणी मानेवर पडलेली.

"हायित," ती म्हणाली, "माझ्या लेकाने तुला किती वेळा हाक मारली?"

"खाला, आत जा, हा काय प्रकार—"

"किती वेळा?"

मग पळून आलेल्या तिघांपैकी एकजण, मागच्या रांगेतला, मटकन खाली बसला. तोंड हातांत घेऊन म्हणाला, "मंगळवारी दुपारपर्यंत वायरलेसवर होता. आम्ही सगळे ऐकत होतो. पाणी आणा म्हणत होता. कुमांदान म्हणाला, सापळा आहे, कुणी उत्तर द्यायचं नाही."

एलमुरादचे हात बंदुकीपासून वीतभर अंतरावर होते. त्याने ते खाली घेतले. भावाच्या जनाज्यापाशी गेला आणि त्याच्या दांड्याला हात घातला. बाकीच्यांनीही घातला. छतावर अनारगुल रडली नाही. माझ्याकडे बघून एकदाच मान हलवली. मला वाटलं, चला! गुलमतचं देणं थोडं तरी फिटलं. छाती हलकी झाली. किती वेळ? चार श्वास, फार तर पाच.

हायित अजून तिथेच उभा होता, बंदूक दोन्ही हातांवर घेऊन. तो माझ्याकडे वळला.

"चौकीत एक जागा रिकामी राहिली, मुर्दाशोय. ज्या घराने अजून माणूस दिला नाही, आता त्याची पाळी, ठरलेलं आहे. ज्या घरातून कुणी येत नाही ते घर डोंगरावरच्यांचं, असं मी तालुक्याला लिहून देतो. मग रात्री-बेरात्री कोण येतं ते तुम्ही बघा. तुलाही एक मुलगा आहे ना?"

माझा नोरअली तिसऱ्या रांगेत होता. एकवीस वर्षांचा. वसंतात त्याचं लग्न ठरलेलं, त्याच्याच लग्नाची रजई दोरीवर टांगलेली होती. मी ओरडलो, "मला ने! मला ने रे हायित, मी येतो!" हायित हसला. नोरअलीने मला खांद्याला धरून बाजूला केलं, अगदी हळू. "अब्बा, राहू द्या. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत," म्हणाला, आणि बंदूक घेतली.

तेवीस दिवस झाले. दिवसातून तीनदा मी त्याला फोन करतो. तो म्हणतो, "अब्बा, बॅटरी संपते हो." सारखं दारात जातो, वर बघतो, पिंजणापाशी येतो, परत उठतो. अनारगुल दर शुक्रवारी चारपदरी वेणी आणून देते, "नोरअलीला पोचव," म्हणते आणि माझ्या नजरेला नजर देत नाही. पस्तावा होतो का? रोज होतो. एलमुराद रस्त्यात भेटला, सलाम करून गेला, की तेवढ्यापुरता होत नाही. मग परत होतो.

सानमने मला बोल लावला नाही. एक शब्दही नाही. जेवण वाढते, चहा ठेवते, पाठ फिरवते. मी तिला म्हटलं होतं, चिड, भांड, काहीतरी बोल. परवा दुपारी अंगणात माझे सदरे वाळत होते, दोन्ही. जवळ जाऊन बघतो तर दोन्हींच्या बाह्या कोपराच्या वर कापलेल्या. नीट कापून, कडेला दुमड घालून शिवलेल्या.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

ती पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "त्याला खाली आणतील तेव्हा धुणार तुम्हीच. मला काही कळायला नको."

मी त्यातला एक सदरा अंगात घातला आणि दारात जाऊन उभा राहिलो.